पाणी बुधवारी

माझी सासू गेली तेव्हा मी रडले नाही, हे गावानं नीट लक्षात ठेवलं. पुढे कोर्टात समोरच्या वकिलानं तेच माझ्या तोंडावर फेकलं. पण ते नंतर. आधी ती कशी गेली ते सांगते, कारण गावात त्याची जी कहाणी झाली आहे ना, ती ऐकली की माझं डोकं फिरतं.

डोम्ना तिचं नाव. आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला, खाली केशराची वावरं, आणि घराच्या खालच्या खोलीत माझं केस कापायचं दुकान. दिवसभर मी खाली कात्री चालवायची आणि ती वर जीभ. मधला जिना म्हणजे आमचं रणांगण. माझा पाव तिला कधी आवडला नाही. "सूनबाई, हा पाव भाजलास की गवंड्याकडून आणलास?" असं रोज. मी म्हणायची, "अहो आई, दात नाहीत तुम्हाला, त्यात पावाचा काय दोष?" नवरा माझा, स्टेर्गिओस, ताटावरून मान वर न करता जेवायचा. तो म्हणतो, या घरात बोलायची त्याची पाळी अजून यायची आहे.

तिला साखर होती, वर्षानुवर्षं. एका गोळीवर बरं चाललं होतं. त्या हिवाळ्यात साखर वाढली, म्हणून स्टेर्गिओस तिला खाली शहरात लाझारोसकडे घेऊन गेला. लाझारोस म्हणजे आमच्याच गावचा पोरगा, स्टेर्गिओसच्या बरोबर शाळेत होता, आमच्या अक्रोडाच्या झाडावरून दोनदा पडलेला. आता शहरात त्याचा स्वतःचा दवाखाना, बाहेर पाटी, आत रांग. त्याला 'डॉक्टर' म्हणताना सासूबाईंचा आवाजच बदलायचा. मी कधी चुकून 'लाझ्या' म्हटलं तर डोळे वटारायची.

दवाखान्यातून आली ती हुकूम घेऊन आल्यासारखी. नवी गोळी, जोरदार, सकाळ-संध्याकाळ. "डॉक्टर म्हणाला, एकही चुकवायची नाही." आणि तिनं खरंच एकही चुकवली नाही.

मग मोठे उपास आले. ईस्टरआधीचे हे उपास सगळे करतात, मांस-मच्छी सोडतात, दूध सोडतात. पण आमच्या गावच्या काही म्हाताऱ्या त्याची सुरुवातच कडकडीत करतात. शुद्ध सोमवार आणि मंगळवार निर्जळी. अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. बुधवारी चर्चमध्ये प्रसाद घ्यायचा, मग सगळ्या मिळून उपास सोडायचा. डोम्ना आणि तिची जिवाभावाची मैत्रीण एवांथिया या दोघी लग्न होऊन आल्यापासून हे करत आल्या. एवांथिया म्हणजे त्या डॉक्टरचीच आई. आम्ही तिला मावशी म्हणतो.

मंगळवारी संध्याकाळी मी वर गेले तर सासूबाई पलंगावर बसलेल्या, गोळी जिभेवर ठेवून मान मागे टाकलेली, आणि गिळायचा प्रयत्न चाललेला.

"अहो आई, घोटभर पाणी तरी घ्या!"

तिनं हात वर करून मला थांबवलं, गोळी कशीबशी खाली उतरवली आणि म्हणाली, "पाणी बुधवारी."

"मग गोळी कशी चालते?"

"गोळी काय खाणं आहे? औषध आहे ते. डॉक्टरनं सांगितलंय, चुकवायची नाही."

"आणि घशात अडकली म्हणजे?"

"रोज तुझा पाव गिळते मी, गोळीचं काय घेऊन बसलीस!"

मी हसले आणि खाली गेले. माझ्याशी ती बोललेलं हे शेवटचं.

बुधवारी सकाळी चर्चची घंटा झाली तरी ती उठली नव्हती. हाका मारल्या, हलवलं. उशी घामानं चिंब आणि अंग थंडगार. गाडीत घालून शहरातल्या हॉस्पिटलात नेलं, पण तोवर काही उरलं नव्हतं. तिथली एक तरुण डॉक्टरीण मला विचारत होती.

"काय खाल्लं होतं यांनी?"

"काही नाही. उपास होता."

"आणि गोळ्या?"

"त्या घेतल्या. सगळ्या."

ती लिहायची थांबली. म्हणाली, "या गोळीवर उपाशी राहिलं तर साखर पार तळाला जाते. म्हाताऱ्या माणसाला तर झेपतच नाही. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?"

कोणी सांगितलं नव्हतं. मला नाही, स्टेर्गिओसला नाही, आणि तिला सांगितलं असतं तर सगळ्या गावाला कळलं असतं, कारण डॉक्टरचा शब्द ती खिडकीत उभी राहून ओरडून सांगायची.

आता गावाची कहाणी ऐका. गाव म्हणालं, काय भाग्याचं मरण! शुद्ध पोट, शुद्ध मन, प्रसादाच्या दिवशी पहाटे देवानं उचलून नेली. पाद्रीबाबांनी चर्चमध्ये उभं राहून तेच सांगितलं. बायका माझे हात धरून म्हणायच्या, "फ्रोसो, तुझ्या घरातून एक संत गेली." भाग्य कसलं डोंबलाचं! संत कसली! मला भांडायला सासू हवी होती. पलंगावर कुणी नाही आणि पाव मऊ झालाय की कडक, हे सांगायला घरात माणूस नाही. मी दफनाला दात-ओठ खात उभी होते. रडू येत नव्हतं, राग येत होता. लाझारोस आला होता. शवपेटीवर वाकून त्यानं तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं, तेव्हा त्याचे डोळे लाल होते. ते मी पाहिलं, खोटं बोलणार नाही.

चाळिसाव्या दिवशी तिच्या नावानं चर्चमध्ये उकडलेले गहू वाटून झाले आणि मी त्याच्या दवाखान्यात गेले. रांगेतल्या बायका कुजबुजल्या, मी सरळ आत.

"लाझारोस, एकच विचारायला आले. तू तिला उपासाचं विचारलं होतंस?"

"वहिनी, बसा ना."

"बसत नाही. विचारलं होतंस का?"

"चिठ्ठीवर लिहिलंय. जेवणानंतर घ्यायची."

"अरे, चिठ्ठी वाचायला तिला दिसत होतं का? तू तिला ओळखत नाहीस? ती उपास करते हे तुला ठाऊक नव्हतं?"

त्यानं टेबलावरची चिठ्ठ्यांची वही मिटली. मग म्हणाला, "वहिनी, विमा कंपनीच्या वकिलानं मला सांगितलंय, या बाबतीत कुणाशी बोलायचं नाही."

तो नुसता "चुकलं हो वहिनी" म्हणाला असता तर मी तिथेच खुर्चीत बसून त्याच्यासमोर ढसाढसा रडले असते आणि घरी आले असते. पण वकील मध्ये आणला ना, मग मीही आणला.

माझी वकील आर्गिरो. तरुण आहे, झपाझप बोलते, केस माझ्याकडेच कापून घेते. तिनं दावा लावला, नुकसानभरपाईचा, स्टेर्गिओसच्या आणि माझ्या नावानं. सून म्हणून मलाही मागता येतं, म्हणाली, फक्त मायेचा संबंध होता हे दाखवावं लागतं. त्यावर स्टेर्गिओस पहिल्यांदा हसला. गावात अर्थातच उठलं, फ्रोसो म्हातारीच्या जिवावर पैसे काढतेय. मला पैसे नकोत असं म्हणणारी मी साध्वी नाही. मिळाले तर घेईन. पण ज्याच्यासाठी माझी झोप उडाली होती ते वेगळंच होतं. लाझारोसच्या वकिलानं कोर्टात उत्तर दिलं होतं की मृत महिलेनं धार्मिक हट्टापायी, डॉक्टरांना कसलीही कल्पना न देता, स्वतःच स्वतःचा जीव धोक्यात घातला. म्हणजे बावळट म्हातारी आपल्या हातानं मेली.

हट्टी होती ती, मला विचारा किती. पण मूर्ख नव्हती. देवानं सांगितलं ते तिनं ऐकलं, डॉक्टरनं सांगितलं तेही ऐकलं. त्या दोघांचं आपसात बोलणं झालं नाही, त्याला ती काय करणार? मला लाझारोसच्या तोंडून चार लोकांत एक वाक्य हवं होतं: मी विचारलं नाही. तेवढं एक.

"सोड ना गं," स्टेर्गिओस म्हणायचा. "आई गेली. त्यानं काय मुद्दाम केलं?"

"मुद्दाम नाही केलं. मग सांगायला काय जातं त्याचं?"

 तो केशराच्या वावरात निघून जायचा.

वर्ष फिरलं. पुन्हा मोठे उपास आले, पुन्हा शुद्ध बुधवार. चर्चच्या मागच्या खोलीत बायकांनी लांब टेबल मांडलं होतं, काबुली हरभऱ्याचं सार, अक्रोडाची पोळी, द्राक्षाची काकवी. मी उपास केला नव्हता, पण सासूबाईंच्या नावानं पोळी घेऊन गेले होते. माझ्याशी बोलायचं की नाही हे बऱ्याच जणींचं ठरत नव्हतं. एवांथियामावशी मात्र माझ्याशेजारीच येऊन बसली. केस चालू होती तिच्या मुलावर, तरी ती बसली. मला म्हणाली, "ही जागा डोम्नाची. तू बस."

दोन दिवसांच्या उपाशी पोटी काकवी गेली की माणसाला जरा चढतेच. म्हाताऱ्या खुलल्या. कोण कशी घेरी येऊन पडता पडता वाचली, कोणाचा नवरा मुद्दाम समोर बसून सॉसेज तळत होता, याची थट्टा चालली होती. कुणीतरी मावशीला म्हणालं, "तुला बाई या वयात कसं जमतं, तेही साखर असताना!"

मावशी लेकाच्या कौतुकानं फुलली. "अगं, माझा लाझारोस सोडतोय होय मला! रविवारी संध्याकाळी येतो आणि गोळ्यांचा डबाच उचलून घेऊन जातो. म्हणतो, पोटात काही नसेल तर गोळीला हात लावायचा नाही. बुधवारी जेवण झालं की परत आणून देतो. दर वर्षी. रोज संध्याकाळी येऊन बोटाला सुई टोचून बघतो ते वेगळंच."

बोलता बोलता तिची नजर माझ्यावर पडली. तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. मी बघितलं, त्या म्हातारीला त्या क्षणापर्यंत खरंच उमगलं नव्हतं आपण काय सांगतोय. मग उमगलं. चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला.

"दर वर्षी?" मी विचारलं. "मागच्या वर्षी पण?"

तिनं चमचा खाली ठेवला. टेबलावरच्या बायका पोळीकडे बघायला लागल्या.

मी आर्गिरोला सांगितलं, तर ती खुर्चीतून उडालीच. "फ्रोसो, हीच तर केस आहे! त्याला उपास माहीत होता, गोळीचा धोका माहीत होता, आईला वाचवलं आणि पेशंटला नाही. म्हातारीला साक्षीला बोलवू."

"आईला? मुलाविरुद्ध?"

"कायदा तिला नाही म्हणायची मोकळीक देतो. पण बोलवायला तर हवं."

मी हो म्हटलं. हो म्हणून घरी आले, आणि मग हिशेब मांडत बसले. बोलवलं नाही तर डोम्ना कायमची बावळट ठरणार. बोलवलं तर एवांथियामावशीला कापून काढल्यासारखं. सासूबाई असत्या तर विचारलं असतं. त्यांनी यातली एक वाट धरून दुसरीला शिव्या घातल्या असत्या आणि मला तरी कळलं असतं कुठली खरी.

तारीख पडली ती नेमकी केशर खुडायच्या दिवसांत, जेव्हा आमच्याकडे मरायलाही कुणाला सवड नसते. तारखेआधी मी मावशीकडे गेले. ती अंगणातल्या पडवीत बसली होती, समोर जांभळ्या फुलांचा ढीग, एकेका फुलातून लाल काड्या वेगळ्या करत. बोटं पार पिवळी झालेली. मी न विचारता समोर बसले आणि फुलं ओढून घेतली. आम्ही दोघी काड्या काढू लागलो.

"कागद आलाय मला," ती म्हणाली.

"माहीत आहे मावशी. मीच पाठवायला लावला. नको असेल तर येऊ नका. कायदा चालवून घेतो."

"कायदा चालवून घेईल गं. डोम्ना घेईल का?"

मी पुढचं फूल उचललं.

"त्या पुस्तकावर हात ठेवायला सांगतात ना? देवाच्या?"

"सांगतात."

"मग खोटं नाही बोलता यायचं. आणि खरं बोलले तर संध्याकाळी कुणाच्या तोंडाकडे बघू? एकुलता एक आहे तो माझा." तिनं हातातलं रिकामं फूल बाजूला टाकलं. "त्याला विचारलं मी. म्हटलं, माझा डबा नेलास, तिचा का नाही नेलास रे? तो उठून बाहेर गेला. तेव्हापासून येतो, सुई टोचतो, जातो. बोलत नाही."

मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. मला माझाच राग येत होता आणि तरी मी बोलावणं मागे घेतलं नाही. आमच्या घरच्या बायका एकदा पाऊल टाकलं की मागे घेत नाहीत. हे मला सासूनंच शिकवलंय.

तारखेच्या सकाळी गावातून शहरात जायला एकच बस. त्यामुळे दावा लावणारी मी आणि साक्षीचं बोलावणं गेलेली मावशी एकाच बसमध्ये, एकाच बाकावर, आणि स्टेर्गिओस मागच्या बाकावर. लाझारोसनं गाडी पाठवतो म्हटलं होतं, ती नको म्हणाली. मी पिशवीतून तीळ लावलेलं पावाचं गोल कडं काढलं, घरी भाजलेलं, अर्धं तोडून तिच्यापुढे केलं.

"नको गं. पुस्तकावर हात ठेवायचाय. खरकट्या तोंडानं कशी जाऊ?"

"अहो मावशी, कोर्ट आहे ते, चर्च नाही!"

"पुस्तक तेच ना?"

 मी कडं परत पिशवीत ठेवलं. पाण्याची बाटली पुढे केली, तीही तिनं हातानं दूर सारली.

कोर्टात आधी माझी पाळी. त्यांचा वकील मोठ्या शहरातून आलेला, गोड बोलणारा. "बाई, तुमचं आणि मृत सासूबाईंचं रोज भांडण व्हायचं, खरं ना?"

"रोज नाही. रविवारी त्या चर्चला जायच्या."

मागे कुणीतरी हसलं. वकील पुढे म्हणाला, "शेजारी सांगतात, आवाज रस्त्यावर यायचा."

"आमच्या घराला मोठी खिडकी आहे साहेब."

"दफनाच्या वेळी तुम्ही रडला नाहीत. अख्ख्या गावानं पाहिलंय. मग तुम्हाला जे दुःख झालं म्हणता, ते आम्हाला दिसणार कुठे?"

मी त्याच्याकडे बघितलं. सांगायचं होतं की रोज सकाळी पाव कापताना माझा हात थांबतो, कारण वरून कुणी बोलत नाही. ते तोंडातून आलं नाही. मी फक्त म्हटलं, "दिसत नसेल तर नका बघू." आर्गिरोनं कपाळावर हात मारला. न्यायाधीशबाईंनी मला बसायला सांगितलं.

मग मावशीचं नाव पुकारलं.

ती काळ्या कपड्यात, काळा रुमाल बांधून, काठी टेकत पुढे गेली. लाझारोस पहिल्या रांगेत त्याच्या वकिलाशेजारी, मान खाली घालून. न्यायाधीशबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "आजी, तुम्ही डॉक्टरांच्या आई आहात. साक्ष द्यायची नसेल तर तुम्हाला मोकळीक आहे. तुमच्यावर कुणाची सक्ती नाही."

"कळलं," मावशी म्हणाली. "पुस्तक कुठाय?"

खोलीतला हीटर भरभरून चालू होता. तिनं काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुस्तकाकडे नेला. केशरानं पिवळी झालेली बोटं थरथरत होती. आधी मला वाटलं भीतीनं. मग तिच्या वरच्या ओठावर घाम दिसला, आणि ती किंचित डावीकडे कलली.

लाझारोसनं मान वर केली होती. मी त्याला बघत होते. त्याचा चेहरा एकदम बदलला. त्या खुर्चीत बसलेला, वकिलानं बोलू नको म्हणून सांगितलेला माणूस गेला आणि डॉक्टर उभा राहिला.

"आई! सकाळी काही खाल्लंस का?"

वकिलानं त्याची बाही ओढली. त्यानं बघितलंही नाही.

"खाल्लं नाहीस ना? गोळी घेतलीस का? आई, सांग, गोळी घेतलीस?"

"नाही रे," मावशी त्याच्याकडे वळून म्हणाली, घरी म्हणावं तसं. "कशी घेईन? तूच सांगितलंयस ना, पोटात काही नसेल त्या दिवशी गोळीला हात लावायचा नाही."

 न्यायाधीशबाईंचं पेन हवेत. आर्गिरोनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. आणि लाझारोस, तो तिथेच उभा राहिला, जसं कुणी त्याच्या नावानं मागून हाक मारावी आणि मागे वळून बघायची त्याला भीती वाटावी. आपण काय विचारलं ते त्यालाही ऐकू आलं होतं. त्या एका प्रश्नासाठी आम्ही सगळे इथे जमलो होतो.

मी उठले. पिशवीतून ते कडं काढलं आणि त्याच्या हातात दिलं.  त्यानं ते घेतलं, आईला धरून बाकावर बसवलं, तुकडा मोडून तिच्या तोंडाशी नेला.

"अरे, शपथ व्हायचीय अजून," मावशी म्हणाली.

"नको घेऊस शपथ. खा."

तिनं तोंड उघडलं. तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला होता, चांगला सूट घालून, कोर्टाच्या फरशीवर. तिनं घास गिळला, तसा तो उठला आणि न्यायाधीशबाईंकडे वळला.

"हिला काही विचारू नका. मी सांगतो."

"डॉक्टर," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "आधी तुमच्या वकिलांशी बोला."

"त्यांच्याशी बोललो तर ते नाही म्हणतील." त्याचा आवाज फाटला होता. "माझ्या आईला मी दर वर्षी विचारतो. डोम्नाकाकू आईबरोबरच उपास करतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्या बुधवारी मी आईला डबा परत द्यायला घरून निघालो होतो, तेव्हा त्या गेल्याचं कळलं. दवाखान्यात त्या आल्या तेव्हा बाहेर रांग होती. मी साखरेचा आकडा बघितला, जोरदार गोळी लिहिली आणि पुढच्याला आत बोलावलं. मला माहीत होतं. आणि मी विचारलं नाही."

वकील उभा राहून काहीतरी हरकत घेत होता. न्यायाधीशबाईंनी हातानं त्याला बसवलं आणि कारकुनाला म्हणाल्या, "बोलले तसंच लिहा."

मी विचारलं नाही. हेच वाक्य मी जाता-येता, कात्री चालवताना, पाव मळताना किती वेळा त्याच्या आवाजात ऐकलं होतं. वाटलं होतं, ऐकलं की जिंकल्यासारखं होईल, मान ताठ होईल. कुठलं काय! माझ्या छातीतून असा हुंदका आला की मलाच दचकायला झालं. मग थांबेना. डोम्ना गेली तेव्हापासूनचं सगळं बाहेर यायला लागलं, नाक-डोळे एक झाले, आवाज तर खिडकीबाहेर गेला असेल. स्टेर्गिओस माझ्या पाठीवर हात ठेवून नुसता बसून राहिला. तो गोड बोलणारा वकील माझ्याकडे बघत होता. बघ म्हटलं मनात, आता बघ हवं तेवढं.

सुनावणी तिथेच थांबवली त्यांनी. लोक बाहेर पडायला लागले. लाझारोस माझ्यासमोर येऊन उभा राहिला, "वहिनी" म्हणाला, आणि पुढचं त्याला जमलं नाही.  मी मान हलवली, तो बाहेर जाऊन दारापाशी भिंतीला टेकून उभा राहिला.

मावशी माझ्याशेजारी सरकून बसली. हातात अजून अर्धं कडं होतं, ती ते चघळत होती.

"कालचं आहे ना गं हे?"

"परवाचं," मी नाक पुसत म्हटलं.

"तरीच. डोम्ना म्हणायची ते काही खोटं नव्हतं. घशाखाली उतरत नाही."

मला रडता रडता हसू फुटलं. मी झाकण काढून बाटली तिच्यापुढे धरली. "घ्या मावशी. पाणी घ्या."

या वेळी तिनं नको म्हटलं नाही. दोन्ही पिवळ्या हातांनी बाटली धरली आणि पिऊ लागली. ती सगळी संपेपर्यंत मी तिच्याकडे बघत बसले.